धोंडूची आठ कलमं

मांडवीत सगळी माणसं सकाळी उगवतीकडे तोंड करून सूर्याला हात जोडतात. आमचा शेजारी धोंडू कलमवाला मात्र सूर्य उजव्या अंगाला सोडून उत्तरेकडे तोंड करतो. उत्तरेला काय आहे? मुंबई. मुंबईला काय आहे? इस्पितळ.

अंगणातल्या जोत्यावर ओला पंचा नेसून उभा राहायचं, हात जोडायचे आणि तीन घरं ऐकतील अशा आवाजात सुरू करायचं, "थोरला दाक्तर, धाकटा दाक्तर, मेरी सिस्टर, दाजी कंपौंडर, गणपत वॉर्डबॉय, भिवा झाडूवाला, आनि तो झोपवणारा!" अशी सात नावं. गुंगीचं औषध हुंगवणाऱ्याचं नाव त्याला ठाऊक नाही. "इचारनार होतो, पन त्याच्या आतच झोपलो," म्हणतो. सात नावं झाली की गर्रकन मागे वळून दक्षिणेला आठवा नमस्कार. तो मुका असायचा.

आता त्याच्या दक्षिणेला आमचं घर. शिवाय ती यमाची दिशा. सकाळी सकाळी आमच्या परसाकडे तोंड करून कोणी हात जोडले तर मला राग येणार नाही तर काय? मी कुंपणावरून ओरडायचो, "मेल्या, माझ्या घराला कशाला हात जोडतोस? मी काय देव आहे?"

"तुमाला नाय वो, अण्णा."

"मग यमाला जोडतोस?"

"यमाला तर मुळीच नाय. त्याची माझी बोलनी बंद हायत."

आमची ही आतून हसायची. मला म्हणायची, "जोडू दे की. तुमच्या घराला हात जोडणारा दुसरा कोण आहे?"

धोंडूचा धंदा आंब्याची कलमं बांधण्याचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायवळ आंब्याचं रोप कुंडीत घ्यायचं, हापूसच्या फांदीशी नेऊन टेकवायचं, दोघांची साल चाकूने तासायची, जखमेला जखम लावायची आणि केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीने, आवळून बांधायचं. फांदी दोन-तीन महिने आईच्याच अंगावर पिते. सांधा धरला की मग आईपासून तोडायची. ह्याला भेटकलम म्हणतात. धोंडूच्या हातचं कलम शंभरात दोन जळालं तर जळालं. त्यामुळे त्याची सगळी भाषा सांध्याची. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की "सांधा धरला काय?" भावाभावांत वाटणी झाली की "सांधा सुटला." मी जन्मभर होड्या सांधल्या. दोन बुकं शिकून शाळा सोडली ती लाकूड तासायचा वाकस हातात घेण्यासाठी. आणि हा मला सांधा म्हणजे काय ते शिकवायचा!

कलमं बांधताना गालात तंबाखूची गोळी. झोपतानाही ती तिथेच. घरात बाईमाणूस नाही. बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, पोरही गेलं, तेव्हा गालात काय ठेवलंय हे विचारणार कोण? मग गालात गाठ झाली. गाठीची जखम झाली. वैद्याने लेप दिला, भगताने अंगारा दिला, मी शिव्या दिल्या. कशाचा गुण येईना. शेवटी पालीच्या एका बागवाल्याने त्याला बोटीत घालून मुंबईला नेलं. तिथे सांगितलं, कॅन्सर आहे.

कॅन्सर हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. चार महिन्यांनी धोंडू बोटीवरून उतरला तेव्हा आम्ही धक्क्यावर होतो. गालाच्या जागी गाल होता, पण तो दुसऱ्याचा वाटत होता. कपाळावर हातभर पट्टी.

"हे काय रे?"

बोबडं बोलत होता, पण ऐट काय! "भेटकलम हाय, अण्णा. कपाळाचं कलम गालाला."

झालं असं होतं. थोरल्या दाक्तरने सडका गाल कापून काढला आणि कपाळाचं कातडं उलटवून त्या भोकावर शिवलं. एक टोक कपाळालाच राहू दिलं, रक्त चालू राहावं म्हणून. तीन आठवड्यांनी ते टोक कापायचं. धोंडू पडल्या पडल्या आरशात बघायचा. दाक्तर हत्यार घेऊन आले तर ह्याने हात धरला. "साहेब, अजून चार दिस थांबा. सांध्याची कड फिकट हाय. आयशीपासनं घाईनं तोडलं तर कलम वाळतं." धाकटा दाक्तर भडकला. थोरला हसला आणि म्हणे थांबला. चार दिवसांनी धोंडूने आपणच बोट दाबून बघितलं आणि हुकूम सोडला, "आता कापा."

ही गोष्ट त्याने मांडवीत इतक्यांदा सांगितली की वर्षभरात ऑपरेशन धोंडूनेच केलं आणि थोरला दाक्तर हाताखाली दिवा धरून उभा होता, इथपर्यंत मजल गेली. पुढे एक शेपूट जोडायचा. "सटवाईनं माझ्या कपाळावर मरन लिवलेलं. दाक्तरनं ते पानच सोडवलं आनि उलटं करून गालाला शिवलं. मजकूर आत गेला. आता बस म्हनावं वाचीत!"

पण दाक्तरने निघताना एक गोष्ट सांगितली होती. हा रोग परत येतो. पाच वर्षं नाही आला तर जिंकलास. धोंडूने घरी येऊन दुसऱ्याच महिन्यात पहार घेतली आणि घराच्या वरच्या कातळात खड्डे खणायला लागला. गालातून लाळ गळतेय, अंगात हाडं आणि कातडं, आणि हा कातळ फोडतोय. आठ खड्डे. त्यांत बाहेरून माती आणून भरली आणि पावसाच्या तोंडावर हापूसची आठ कलमं लावली.

"पाचव्या वर्साला धरतील," म्हणाला. "माजी बी मुदत तीच हाय. बघू कोन आधी."

मी पडवीत बसलो होतो. माझं तोंड फटकळ, ते काय आज झालंय? म्हटलं, "धोंड्या, तू ह्या झाडाचा आंबा खाल्लास तर मी मिशी उतरवीन."

आमची ही आत पेज गाळत होती. ती पळी हातात घेऊनच बाहेर आली. "जिभेला काही हाड? आजारी माणसाला असं बोलतात?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. धोंडू मात्र खूश. माझ्या मिशीकडे बघून म्हणाला, "वयनी, तेल लावत जावा हो तिला. पाच वर्सं टिकायला हवी."

आठांपैकी सात कलमांना त्याने सात नावं दिली, ती रोजच्या नमस्कारातली. मग काय विचारता! कुंपणापलीकडून ऐकू यायचं, "मेरी सिस्टरला पानी घातलं, पन दाजी कंपौंडर सुकत चाललाय." "थोरल्या दाक्तरला भिरूड लागलाय, तार घालून किडा काढायला हवा." एकदा शाळेत नवीन आलेले मास्तर रस्त्याने जात होते. त्यांनी ऐकलं, "धाकट्या दाक्तरची मान काल मीच तोडली. माजलेला." मास्तर थेट फौजदाराकडे निघाले होते. मी हाताला धरून परत आणले आणि झाड दाखवलं.

आठव्या कलमाला नाव नव्हतं. पाणी मात्र त्याला पहिलं. गावात कुजबूज, इस्पितळातल्या कुठल्या तरी बाईवर धोंडूचं मन बसलंय. विचारलं की मान फिरवायचा.

दुसरं खूळ तोंडं तपासण्याचं. रस्त्यात कोणाचा गाल फुगलेला दिसला की आडवा व्हायचा. "थुंक! आ कर!" एका लग्नात ह्याने मांडवात नवऱ्या मुलाला आ करायला लावला. वरबाप खवळला. धोंडू शांतपणे म्हणाला, "घोडा घेताना दात बघता, जावय घेताना नको?" खलाशी त्याला बघून वाट बदलायचे. पण दोघांच्या तोंडात खरंच काही सापडलं आणि त्यांना त्याने मानगूट धरून बोटीत बसवलं. दोघे आज डोलकाठीवर चढतात. माझी तंबाखू त्यानेच सोडवली. माझी डबी समुद्रात फेकली, तेव्हा मी त्याला मारायला धावलो होतो.

चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी मोहर आला, आणि मोहराबरोबर धोंडूच्या गालात एक बारीक फोड आला. सकाळची नावं धोंडू घ्यायचा, पण आवाज एका घरापलीकडे जाईना. आमची ही रोज देवाला फूल घालून माझ्या मिशीकडे रागाने बघायची. खरं सांगतो, त्या पंधरा दिवसांत मला ती मिशी जड झाली. पंधराव्या दिवशी फोड फुटला. आतून काय निघालं? बांगड्याचा काटा! सहा महिने आधी आधाशासारखा खाल्लेला.

चैत्रात पहिला आंबा पिकला. धोंडू माझ्या पडवीत आला, मधोमध बसला, आंबा पिळला आणि कोयीपर्यंत चोखून खाल्ला. मग खिशातून वस्तरा काढून माझ्यापुढे ठेवला. मी मिशी उतरवली. दिलेला शब्द म्हणजे शब्द. दुपारी लोक तोंडं पाडून भेटायला आले. "अण्णा, कोण गेलं?"

मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. एक जण राहिला!"

मग आम्ही दोघं बोटीने मुंबईला गेलो. करंडीत भाताचा पेंढा, प्रत्येक झाडाचे आंबे वेगळ्या फडक्यात. बोटीत एकाने करंडीवर पाय ठेवला तर धोंडू ओरडला, "उठ! दाक्तर बसलेत आत!"

थोरल्या दाक्तरने धोंडूला ओळखलं नाही. नाव सांगितलं, गाव सांगितलं, तरी नाही. मग त्यांनी सहज गालावर बोट फिरवलं. बोट कडेला आलं आणि थांबलं. "अरे! चार दिवस थांबा म्हणणारा!" माणूस विसरले होते, सांधा विसरले नव्हते. तो म्हातारा दाक्तर धोंडूचा गाल दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघत राहिला, आपण लावलेलं झाड बघावं तसा.

झाडूवाल्या भिवाला त्याचे आंबे दिले तर तो हातच लावीना. "माझ्या नावाचं झाड? माझ्या?" असं तीनदा विचारून तो पायरीवर बसला. झोपवणाऱ्याचं नाव मात्र ह्याही खेपेला राहिलं. तो रजेवर होता.

मेरी सिस्टर आता थोरली सिस्टर झाली होती. तिने आम्हाला खोलीभर खाटा होत्या तिथे नेलं. सगळ्यांची तोंडं बांधलेली, नुसते डोळे उघडे. ती म्हणाली, "हा बघा. पाच वर्षं झाली." धोंडू मधे उभा राहिला. त्याने मेरी सिस्टरच्याच झाडाचा आंबा घेतला, सोलला, आणि दातांनी फोडी तोडून चावून खाल्ला. उजवीकडून, डावीकडून. "थेंब सांडला तर सांगा," म्हणाला. थेंब सांडला नाही. बांधलेल्या तोंडांना हसता येईना, ओरडता येईना. मग एकाने खाटेची लोखंडी पट्टी हाताने वाजवली. दुसऱ्याने वाजवली. सगळ्या खाटा वाजायला लागल्या. असा बँड मी कुठल्या वरातीत ऐकला नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी आमची ही गेली. तिला काही मोठा रोग झाला नाही. आठ दिवस ताप, संपलं. उगाच शब्द वाढवत नाही. तेव्हापासून घरात चूल पेटते ती माझ्या हातची, म्हणजे धूरच जास्त.

तेराव्यानंतरच्या सकाळी मी परसदारी बसलो होतो. पलीकडे धोंडूची सात नावं झाली. मग तो वळला आणि त्याने आमच्या बाजूला हात जोडले. इतकी वर्षं मी कुंपणाशी उभा राहून ओरडायचो. त्या दिवशी बसून होतो, म्हणून मला दिसलं. त्याचे हात माझ्याकडे नव्हते, यमाकडेही नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराकडे होते.

मी कुंपणाशी गेलो. "धोंड्या, खरं सांग. आठवं कोणाचं?"

तो पायाच्या बोटाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दाक्तरनं शिवलं, अण्णा. पन सहा महिने पेज कोनी गाळली? फडक्यातनं गाळून, रोज थोडी थोडी घट्ट करून? मी जेवताना सगळं सांडायचा. तुमी पडवीतनं बघायचाव. वयनी वाटी ठेवायची आनि पाठ फिरवून बसायची. भांडी घासल्यासारखं करायची. एका दिसाला बी मागं वळून बघितलं नाय."

"मग नाव का नाही घेतलंस?"

"दुसऱ्याच्या घरातल्या बाईचं नाव मी जोत्यावरनं कसं वरडू? आनि मला तिचं नाव ठाऊक बी नाय. वयनी, एवढंच."

तिचं नाव मी तरी कधी घेतलं होतं? लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेव्हा करवल्या हसल्या. पुढे चाळीस वर्षं 'अगो' वरच भागलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी अंघोळ करून धोंडूच्या जोत्यावर जाऊन उभा राहिलो. त्याने सात नावं घेतली. आम्ही दोघे वळलो. त्याने हात जोडले आणि मी तीन घरं ऐकतील अशा आवाजात ओरडलो, "भागीरथी!"

धोंडूने एकदा माझ्याकडे बघितलं. मग तोही ओरडला.

आता रोज आठ नावं होतात. आणि मांडवीतली माणसं जाता-येता मला हाक मारून सांगतात, "अण्णा, बघितलंत काय? ह्या वर्षी दाक्तर मागं पडले. भागीरथी नुसती मोहरलीय!"

बघितलं तर. रोज तिला पहिलं पाणी मीच घालतो.