करंगळी कच्ची हाय!

खंदारे सर भेटले की नमस्काराआधी डावा हात मागायचे. आपण भाबडेपणानं हात पुढं करायचा. ते करंगळी धरून वरखाली हलवायचे आणि निकाल द्यायचे, "कच्ची हाय." शेजारच्या मुलीला बघायला आलेल्या नवरदेवाची करंगळीसुद्धा त्यांनी भर बैठकीत तपासली, पोह्यांची बशी खाली ठेवायला लावून. "पोरगा चांगला हाय, पण ह्याचा ए ठळक उमटणार न्हाई," असं वर सांगितलं. सोयरीक जमली. सर मात्र लग्नाच्या पंगतीतही "बघू, बघू" म्हणत जेवले.

पाथरीत एसटी स्टँडमागच्या बोळात सरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. इंग्रजी ए डाव्या करंगळीनं दाबायचा, ती कच्ची असली की अक्षर फिकं उमटतं. पुढच्या खोलीत टाइपरायटरांच्या मशिनी, मागं घर, मधे पडदा. तालुक्यातले निम्मे कारकून तिथून निघाले, मीही तिथंच शिकलो. विद्यापीठाच्या नामांतराची निवेदनं घेऊन पोरं आली की सर फुकट टाइप करून द्यायचे. अट एकच, सही करणाऱ्यानं आधी करंगळी दाखवायची!

गंमत म्हणजे खुद्द सरांची डावी करंगळी वाकडी होती. लहानपणी गाडीच्या चाकात सापडलेली. त्यामुळं सर टाइप करायला लागले की टक टक टक आणि मधेच एक हलकं, लंगडं टक. म्हणूनच त्यांना जगाच्या करंगळीचा एवढा घोर.

पडद्यामागं सरांची बायको, आमच्या काकू असायच्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती, पण कान असे की विचारू नका. वाती वळता वळता आतूनच ओरडायच्या, "अहो, कोपऱ्यातल्या पोराला सांगा, करंगळी कच्ची हाय!"

"सांगतो, सांगतो!" म्हणत सर धावत यायचे. कोपऱ्यातला पोरगा बहुतेक वेळा मीच असायचो. आईशप्पथ, बोर्डाच्या परीक्षेची भीती वाटली नाही तेवढी त्या पडद्याची वाटायची.

नामांतर झालं त्या वर्षी सरांनी कॉम्प्युटर आणला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. चपला बाहेर, खिडकीला जाड पडदा, आणि खोलीतला एकुलता एक पंखा कॉम्प्युटरकडं. पोरं घामानं निथळायची. कुणी तक्रार केली की सर म्हणायचे, "तू पुसून घेशील, ते कशानं पुसंल?" मशिनींवर खोळी चढल्या. त्यांना आता कुणी हात लावीना.

मी तेव्हा परभणीत कॉम्प्युटर शिकवायचो. एक दिवस पाथरीच्या गाडीच्या कंडक्टरनं सरांचा निरोप आणला, "ताबडतोब ये. यंत्राला दम लागायलाय."

गेलो. बघतो तर काय, कळ दाबावी, चहाचा घोट घ्यावा, मग अक्षर उमटावं! सरांनी आपल्या परीनं सगळे उपाय केले होते. पंखा वाढवला, पंखा बंद केला, टेबल पूर्वेकडं फिरवलं. शेवटी सगळ्या पोरांच्या करंगळ्या तपासून झाल्या. पोरं कंटाळून स्टँडसमोरच्या नव्या क्लासकडं चालली होती.

"अजून महिना असंच चाललं तर क्लासला कुलूप लागतंय बघ," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी माझी करंगळी बघितली नाही.

मी बसलो. कळ दाबली की कॉम्प्युटर टाइपरायटरसारखा टक करत होता, आणि ओळ संपली की टिंग अशी घंटी.

"हे काय सर?"

"आपल्याच पोरांनी दिलेत. टकटकीचा प्रोग्राम औरंगाबादच्या पोरानं, घंटीचा नांदेडच्यानं. लय ब्येस हायेत. त्याला हात लावू नको."

मला तिथंच संशय आला. दोन्ही प्रोग्राम काढून कॉम्प्युटर चालू केला, पळायला लागला. नुसती टकटक ठेवली, तरी पळाला. नुसती घंटी ठेवली, पळाला. दोन्ही घातले की बसला!

"सर, आवाज काढायला ह्याच्या पोटात एकच स्पीकर आहे. हे दोघं त्याच्यावरनं सारखे भांडतात, आणि ते भांडण सोडवण्यातच यंत्राचा जीव जातो. एका चुलीवर दोन जावा झाल्यात."

"मग वायलं काढ की त्यांना, येगळी चूल मांडून दे!"

"चूल एकच आहे, सर. एकीला घालवा."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "नुसत्या टकटकीनं तिला वाटंल ओळच संपंना. नुसत्या घंटीनं वाटंल देवळातच बसलोय."

"तिला? कुणाला?"

सरांनी पडद्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मशिनी बंद पडल्या अन् घर मुकं झालं बघ. रोज इचारायची, अहो, क्लास मोडला का? आता दिसत न्हाई, निदान ऐकू तरी येऊ दे, म्हणून ह्या दोघांना आणलं. ऐकलं अन् तिनं त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले."

मघापासून मी ज्याला मनातल्या मनात खूळ म्हणत होतो ते हे होतं.

सरांनी कॉम्प्युटरवरनं एकदा फडकं फिरवलं. मग म्हणाले, "काढ दोन्ही. क्लासच न्हाई राह्यला तर काय ऐकवू तिला?"

मी काढले. पुढची मुलगी बसली, अक्षरं भराभरा उमटायला लागली, पोरं खूश झाली. आणि खोलीत चिडीचूप.

आतून आवाज आला, "अहो, पोरं गेली का सगळी?"

सरांचा चेहरा एवढासा झाला. ते तसेच कोपऱ्यातल्या मशीनकडं गेले, खोळ काढली, कागद चढवला आणि बसले. टक टक टक, टिंग. मी जवळ जाऊन बघितलं तर कागद कोराच. मशीनमध्ये शाईची रिबनच नव्हती.

मी निरोप घ्यायला आत गेलो. काकू वाती वळत होत्या. पाया पडलो तर त्यांनी माझा हात धरून जवळ बसवलं.

"नवीन पोरगं आलंय वाटतं कोपऱ्यात," मी म्हणालो.

काकू हसल्या. हळूच म्हणाल्या, "येडा की काय तू? ह्यांची लंगडी करंगळी मला वळखू येत न्हाई व्हय? त्या डब्याची टकटक तरी कुठं खरी होती? पण माझ्यासाठी एवढं करायलेत, करू दे. आता असंच रोज बसतील बघ. तू काई बोलू नको."

माझे डोळे भरून आले. बरं झालं, त्यांना दिसत नव्हतं.

बाहेर टिंग झालं. काकूंनी मान वर केली, पदर सारखा केला आणि पूर्वीसारखाच खणखणीत आवाज दिला, "अहो, त्या कोपऱ्यातल्या पोराला सांगा, करंगळी कच्ची हाय!"

टकटक थांबली. मग पडद्यापलीकडून सरांचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी असा खुललेला.

"सांगतो, सांगतो!"