अधिक महिन्यातली घंटी

अधिक महिना लागला आणि नांदूरघाटच्या हनुमान-तानाजी या सख्ख्या भावांपुढे पेच पडला, की या महिन्यात माय कोणाची? वाटणीच्या वेळी पंचांनी चांगलं ठरवून दिलं होतं. एक महिना थोरल्या हनुमानचा, एक धाकट्या तानाजीचा; अमावास्येला पाळी बदलायची. वच्छलाबाईंची खोली अंगणाच्या टोकाला, दोन्ही घरांपासून सारखीच लांब. पण वर्षाला तेरावा महिनाही निघू शकतो, हे त्या शहाण्या पंचांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"वैशाख म्या काढला. आता जेठ तुझा," हनुमान म्हणाला.

"खरा जेठ माझा, दादा. ह्यो जादाचा कावून माझ्या गळ्यात?"

जेवणाचं एक दिवसाआड करून भागलं. पण वच्छलाबाईंचे गुडघे गेलेले. हात दिल्याशिवाय उठता येत नव्हतं आणि हाक अंगणापलीकडे पोचत नव्हती. उठून जायचं कोणी, हा खरा प्रश्न होता.

इथे तानाजीचा छंद कामाला आला. दिवाळीपासून तो मोबाइलवर बघून बघून सर्किटं जोडायला शिकत होता. भोकाभोकांची पांढरी पट्टी, चौदा पायांच्या चिपा आणि रंगीत तारा त्यानं मागवल्या होत्या. तारा उलट्या लावून पहिल्या दोन चिपा त्यानं जाळल्या. तिसरीनं लाल दिवा लावला, तेव्हा त्यानं अख्खी गल्ली बघायला बोलावली.

"आवो, एवढा येळ मायपाशी बसले आसते तर लई बरं झालं आसतं," त्याची बायको बबिता म्हणाली. तानाजीनं ते ऐकलंच नाही.

"दादा, तुझ्या दारात एक बटन, माझ्या दारात एक," त्यानं समजावलं. "घरात आलं की चालू करायचं, भाईर जाताना बंद. तिसरं मायच्या हातात. तिनं दाबलं की जो घरात हाय त्याचीच घंटी वाजंल."

"आन तू घरात असताना माझी कावून वाजावी बे?"

"न्हाई वाजणार. माझं बटन चालू असलं की तुझी घंटी बंद."

"आन माझं चालू असलं की?"

"माझी बंद. दोघाला सारखा न्याव."

सारखा न्याय म्हटल्यावर हनुमान राजी झाला. तानाजीनं तशाच चिपा बसवल्या.

आठ दिवस सगळं झकास चाललं. हनुमान माजलगावला गेला की तानाजीकडे वाजायची, तानाजी चौसाळ्याला गेला की हनुमानकडे. रात्री दोघी जावा आळीपाळीनं मायपाशी निजायच्या, त्यामुळे घंटीचं काम दिवसाचंच. पारावर लोक तानाजीला 'इंजिनेर' म्हणू लागले आणि तो छाती काढून चालू लागला.

नवव्या दिवशी ऊन असं तापलं, की दोघांपैकी एकही घराबाहेर पडला नाही. दोन्ही बटणं चालू. दोघी जावा जेवणं उरकून एक वाजताच अधिकाची पोथी ऐकायला देवळात गेल्या होत्या. तानाजी कूलरपुढे आडवा झाला. आपली घंटी गप्प आहे, म्हणजे माय आज दादाला उठवतेय, या विचारानं त्याला गाढ झोप लागली. पलीकडे हनुमानही त्याच समाधानात घोरत होता.

पाच वाजता बबिता चहा घेऊन गेली, तर वच्छलाबाई फरशीवर पडलेल्या. पाण्याला म्हणून उठल्या आणि घसरल्या. बटण मुठीत तसंच होतं.

"लई दाबलं गं बाई," त्या म्हणाल्या. "अंगठा दुखाया लागला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. बीडला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर बसून तानाजीनं वहीत चार ओळी आखल्या. दोघंही बाहेर, फक्त दादा घरात, फक्त मी घरात, दोघंही घरात. मधल्या दोन ओळीच त्यानं तपासल्या होत्या. शेवटच्या ओळीपुढे त्यानं दोन्ही घंट्यांखाली शून्य लिहिलं. चार तास माय बटण दाबत होती आणि आपण झोपलो होतो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत जाऊन त्यानं हनुमानसमोरच सांगून टाकलं. "माय, मशीन चुकलं. आमी दोघं घरात असलो की कुणाचीच घंटी वाजत न्हाई."

"मशीन कशाला चुकंल, तान्या? तुमी दोघं घरात असले की माझ्याकडं कुणीच येत न्हाई. ते मशीन नव्हतं तवापासून हाय."

तेवढ्यात नर्सनं डोकावून सांगितलं, की रुग्णाजवळ एकालाच थांबता येईल.

"हां, तसंच करा," वच्छलाबाई म्हणाल्या. "एक जन घरी जा बाबा. म्हंजी दुसरा तरी बसंल माझ्यापाशी."

तानाजी उठला. दाराच्या कडीला हात घातला, तर तिथे हनुमानचा हात आधीच होता.