खिडकीत बसलेला बोळा

मनिलातल्या आमच्या विद्यापीठात आयात-मंजुरीची खिडकी रोज वेळेवर उघडते. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. उघडल्या क्षणी ती बंद होते, एवढंच. कारकून पोन्सो काच वर सरकवतात आणि पान्सितचा, म्हणजे परतलेल्या शेवयांचा, थाळा त्या भोकात ठेवतात. "या, खायला या," म्हणतात. समोरच्याला न विचारता खाणं आमच्याकडे असभ्य समजतात. थाळा नेमका भोकाएवढा आहे. मागून सहीचा हात बाहेर येत नाही.

संशोधक आर्लिन रांगेत होती. तिच्या प्रथिनाची पेटी विमानतळावर अडकलेली. आतला बर्फ संपला की प्रथिन कुजणार, आणि प्रबंधही.

ती संचालिका डॉक बेनिल्दांकडे गेली.

"अगं पोरी, खिडकी तर उघडते."

"उघडते आणि लगेच बुजते, डॉक. चेतापेशीतलं पोटॅशियम बाहेर सोडणारं दारही असंच. उघडलं रे उघडलं की त्याचाच आत दोरीने लोंबणारा गोळा तोंडात येऊन बसतो."

"मग हे नैसर्गिकच झालं की."

"पेशीला त्याचा उपयोग असतो. आपल्याला काय आहे?"

डॉक गंभीर झाल्या. "पेशीवर इलाज काय?"

"गोळ्याची दोरी कापायची. दार उघडंच राहतं."

दोरी कापण्यात आली. पोन्सोंचं खिडकीवरचं पद रद्द झालं. डॉकच्या हसऱ्या चेहऱ्याचा मोठा फलक लागला : 'अखंड उघडी खिडकी'. फीत कापली गेली. दुपारपर्यंत कामं खरोखर झाली. आर्लिनचा नंबर जवळ आला.

पण पदाविना माणूस जाणार कुठे? पोन्सोंना सहीचा अधिकार ठेवून 'मुक्त सल्लागार' नेमलं होतं, त्याच खोलीत. भूक लागली, समोर भोक दिसलं, थाळा ठेवला.

"डॉक, मोकळा गोळा आत सोडला तरी तो भोक शोधतोच," आर्लिन कळवळून म्हणाली. "आणि जितके गोळे जास्त, तितकं दार लवकर बंद."

डॉकनी त्यातलं 'जास्त' आणि 'लवकर' एवढंच ऐकलं. कामाला वेग येणार म्हणून आणखी सल्लागार नेमले. आता काच अर्धी वर जाण्याआधीच थाळा बसतो. या वेगाबद्दल कार्यालयाला मानपत्र मिळालं.

"माझा बर्फ संपतोय हो," आर्लिन रडकुंडीला आली.

"मग बाहेर कशाला उभी राहतेस? तूही सल्लागार हो. आतून ये."

ती आतून गेली. पोन्सोंनी तिला शेवया वाढल्या आणि तोंडातला घास न गिळता सही केली. पेटी सुटली. प्रयोग यशस्वी झाला.

दुसऱ्या दिवशी काच वर गेली. बाहेर एक घामाघूम मुलगी. "मॅडम, माझ्या पेटीतला बर्फ..."

आर्लिनच्या हातात थाळा होता. तो ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"ये गं, खायला ये," ती मनापासून म्हणाली.

हसताय? हसा. पण हे कार्यालयात बसून वाचत असाल, तर जरा पुस्तक खाली घ्या. तुमच्यासमोर कुणीतरी मघापासून उभं आहे.