टॉर्च जरा डावीकडे

फोनवर मी खोटं एकच बोललो, तेही चांगल्या मनाने. लेक म्हणाली, "बाबा, आईची गाडी किती दिवस नुसती उभी ठेवायची? मावशीने घेणारा माणूस पाहिलाय."

"नुसती उभी कुठे? मी रोज सुरू करतो की!"

"तुम्ही? खरंच?" तिचा आवाज एकदम निवळला. "मग राहू दे. रविवारी येते, मला एक चक्कर मारून आणा. पण बंद असली तर त्या माणसाला देऊन टाकायची, हं."

तो मंगळवार होता.

गाडी लाल, जुनी, दोनच सीटची. रस्त्याला इतकी टेकलेली की तिच्यात बसायचं नसतं, उतरायचं असतं. (बाहेर यायला मला माणूस लागतो.) हिने ती लग्नाआधी घेतलेली, त्यामुळे सेवाज्येष्ठतेत माझ्या वर. बिघडली की ही तिच्याखाली सरकायची आणि मी टॉर्च धरायचो. बावीस वर्षं. खालून आवाज यायचा, "अहो, डावीकडे. माझ्या डावीकडे!"

परवाना मीही काढला होता. पण माझ्या हाताला गाडी कधी आलीच नाही. मी किल्ली फिरवली की थोडी खोकायची आणि गप्प. ही बसली की लगेच सुरू. "तिला तुमच्या हाताची सवय नाही," ही म्हणायची, आणि मला ते पटायचं. कचेरीत नवे साहेब आले की मलाही वर्षभर असंच होतं.

ही जाऊन आठ महिने झाले.

बुधवारी मी रजा काढली, बॅटरी चार्ज करून आणली आणि हिचा बॉयलर सूट चढवला. तो माझ्या गुडघ्यांच्या जरा खाली संपला. हिच्या ओळखीच्या मेस्त्रींना फोन लावला. त्यांची कंबर धरलेली, म्हणून सल्ला अंथरुणातून. मदतीला मेहुणी आली होती. मदत म्हणजे चहा पीत बघणं.

"स्पार्क येतोय का, साहेब?"

"कसा बघायचा?"

"प्लगची वायर काढा, आणि मग..."

मी काढली, हातात धरली आणि मेहुणीला म्हणालो, "फिरव किल्ली."

"येतोय," मी थोड्या वेळाने मेस्त्रींना सांगितलं.

"निळा की पिवळा?"

"कोपरापर्यंत."

"मग पेट्रोल पोचत नसेल." पलीकडे खाट करकरली. "साहेब, वहिनींनी तुम्हाला गाडीबद्दल काही सांगितलं होतं का?"

"काय?"

"नाही, काही नाही. कार्बोरेटर साफ करून बघा."

गुरुवारी कार्बोरेटर जेवणाच्या टेबलावर आला. शेवटचा स्क्रू सुटताच एक स्प्रिंग उडाली. टेबलाखाली पाहिलं, फ्रिजमागे पाहिलं.

"भाऊजी," मेहुणी म्हणाली, "माझ्या चहात काहीतरी वाजतंय."

शुक्रवारी सगळं परत जोडलं. दोन स्क्रू उरले. शनिवारी पेट्रोलची नळी तोंडाने साफ केली. फुंकायची असते, ओढायची नसते, हे मेस्त्रींनी नंतर सांगितलं. रात्रीच्या भातालाही तीच चव होती.

त्याआधी संध्याकाळी मी एकदा गाडीत बसून पाहिलं. सीट हिच्या उंचीला पुढे ओढलेली, माझे गुडघे स्टिअरिंगला. मागे सरकवायचा खटका कुठे आहे, मला माहीत आहे. सरकवली नाही. किल्ली फिरवली. काही नाही.

रविवारी घेणारा माणूस दोर घेऊनच आला. पाठोपाठ टॅक्सीतून लेक उतरली. तिने माझा सूट पाहिला, दोर पाहिला.

"ती सुरू होत नाही," मी म्हणालो. "कधीच झाली नव्हती. खोटं बोललो."

"म्हणजे तुम्हाला बटण सापडलंच नाही?"

"कसलं बटण?"

ती आत उतरली, सीटखाली हात घातला. खट्. गाडीच्या पोटातून आवाज आला, टक-टक, टक-टक. बावीस वर्षं तो आवाज मी डॅशबोर्डवरच्या घड्याळाचा समजत होतो. (ते घड्याळ पहिल्यापासून बंद आहे.) तो पेट्रोलच्या पंपाचा होता. लेकीने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली, अगदी हिच्या हाताला व्हायची तशी.

"चोरांसाठी बसवलं होतं," लेक माझ्याकडे न बघता म्हणाली.

"कसले चोर!" दारात चहा पीत बघणारी मेहुणी म्हणाली. "भाऊजींनी परवाना काढला त्या आठवड्यात बसवलं ताईने."

मी तिथूनच मेस्त्रींना फोन लावला. "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच बसवलं, साहेब."

"मग चार दिवस मी काय करत होतो?"

"वहिनींना शब्द दिला होता, तुम्हाला सांगणार नाही म्हणून." मेस्त्री म्हणाले. "आता शब्दातून सोडवायलाही त्या नाहीत ना."

मी फोन ठेवला. घेणारा माणूस दोर गुंडाळून गेला. लेकीने मला चक्कर मारून आणली.

जाण्याआधी तिने बटण दुसरीकडे बसवून घेतलं. मेस्त्रीच आले, कंबरेला पट्टा बांधून. मी टॉर्च घेऊन गेलो, तर मला चहा करायला पाठवलं.

आता दर रविवारी मेस्त्री गाडी सुरू करायला येतात. "साहेब, जरा तोंड भिंतीकडे करा," म्हणतात. मी करतो. मागून टक-टक सुरू होते. तेवढा वेळ भिंतीकडे तोंड असलेलं मलाही बरं पडतं.

परवा नेमका त्याच वेळी दूधवाला आला. त्याला मात्र मेस्त्रींनी तोंड फिरवायला सांगितलं नाही. उलट त्याच्या हातात टॉर्च दिली.