ईश्वरप्पांची दारू सुटली

उदगीरच्या मोंढ्यात धान्याची आडत चालवणाऱ्या ईश्वरप्पांनी जन्मात दारूचा वाससुद्धा घेतला नव्हता, आणि डॉक्टर मात्र तिसऱ्यांदा विचारत होते, "खरं सांगा, किती पिता?"

"थेंबबी न्हाई! लिंगायताचं घर हाय, डॉक्टरसाब."

डोळे पिवळे, हात थरथरते, छातीत धडधड. भूक दुप्पट झाली होती आणि अंग निम्मं. पण दुष्काळात वाळलेल्या माणसाकडे कोण बघतो? लातूर जिल्हा नवा झाला होता, पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिला होता.

"लिव्हरला सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "दारूनं असेल, तर सोडली की उतरेल. पीतच नसाल, तर दुसरं काहीतरी मोठं असणार. रक्त हैदराबादला पाठवू."

ते 'मोठं' ऐकून ईश्वरप्पांनी मुकाट दंड पुढं केला. घरी बायकोनं, उमाबाईंनी, त्यांना गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायला लावलं.

"घ्या शपथ. महानंदाची सोयरीक निलंग्याला ठरायलीय. पोरीचं वाटोळं करू नका."

"पीत न्हाई गं!" ते म्हणाले, आणि हात असा लटलट कापला, की लिंग पडता पडता राहिलं. लिंगापुढं खोट्याचाच हात कापतो, हे उमाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

ईश्वरप्पांना आता मरणाची भीती वाटू लागली. दारू असती तर निदान सोडता तरी आली असती! सकाळी ते तडक दवाखान्यात गेले आणि भरल्या दवाखान्यात ओरडले, "पितो साब, लई पितो! पण आजपासून सोडली!"

ही बातमी एसटीच्या आधी निलंग्याला पोचली.

मग रक्ताचा निकाल आला. "अप्पा, तुमची गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जादा काम करतेय," डॉक्टर म्हणाले. "हात तिच्यामुळंच कापतो, लिव्हरलाही तिचाच ताप. तुम्ही पीत नव्हताच की!"

"तेच तर सांगायलो होतो!"

गोळ्यांनी डोळे निवळले, धडधड थांबली. पण खरी गोष्ट कुणाला पटेना. "सुटली ना? मग आता सबब कशाला?" उमाबाई म्हणाल्या.

अखेर नवऱ्यामुलाचे वडील बसलिंगप्पा निलंग्याहून आले. सोयरीक मोडणार, या धास्तीनं ईश्वरप्पांनी आपणहून लिंग तळहातावर घेतलं. "शपथ! उभ्या जन्मात प्यालो न्हाई."

हात तसूभर हलला नाही.

"वा!" बसलिंगप्पांनी मांडीवर थाप मारली. "सोडल्यावर हात कसा थाऱ्यावर आला! सोयरीक पक्की. आमच्या पोराला असाच सासरा पाहिजे होता."

"असाच म्हंजे?"

"त्याचीबी सोडवायची हाय."

ईश्वरप्पांचा हात पुन्हा कापू लागला.