ब्लॉग वाचण्यासाठी करावयाचा अर्ज

अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून चौतीस वर्षांच्या सेवेनंतर हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले नत्थुजी गावंडे यांनी शेगाव नाक्याजवळच्या आपल्या गच्चीवर कुंड्यांत वांगी लावली. ती आली. खाऊन झाल्यावर हे ज्ञान जनतेसाठी खुले करावे, असा निर्णय त्यांनी स्वतःच्याच अध्यक्षतेखाली घेतला, आणि त्यासाठी ब्लॉग काढण्याचे काम शेजारच्या इंगळ्यांच्या पौर्णिमेकडे सोपवण्यात आले.

पौर्णिमा मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून वेब डिझाइन शिकली होती. तिच्या नावावर तीन संकेतस्थळे जमा होती आणि तिन्ही काल्पनिक होती. त्यातले सर्वांत देखणे पॅरिसमधल्या एका बेकरीचे होते. अकोल्याच्या मोहसीनभाईंची वेबसाइटी करून देणारी लहानशी कंपनी होती, तिथे ती मुलाखतीला गेली, तेव्हा त्यांनी ती बेकरी बराच वेळ न्याहाळली.

"बेटा, काम एकदम झकास हाय. पण हे पाव खाते कोण? ज्याच्यावर खरे लोक येऊन राहिले, असं एक काम दाखव. दिवाळीपर्यंत शंभर माणसं दाखव, मंग ही खुर्ची तुही."

नेमकी तीच मुदत आईनेही दिली होती. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही, तर मुकाट्याने तलाठी भरतीच्या क्लासला जायचे. पौर्णिमेचा जीव रंगांत, अक्षरांत आणि अक्षरांमधल्या अंतरात होता. आयुष्यभर सातबारे काढायचे, या विचाराने तिला रडू येई. त्यामुळे नत्थुजींच्या वांग्यांवर तिचे सगळे भवितव्य येऊन ठेपले होते.

तिने जीव ओतून ब्लॉग केला. स्वच्छ पांढरे पान, वर एक टपोरे जांभळे वांगे, खाली 'कुंडीतील वांगी : एक अनुभव' हा लेख आणि सभोवती भरपूर मोकळी जागा. नत्थुजींनी चष्मा लावून तपासणी केली.

"हे इतलं कोरं काहून सोडलं?"

"काका, जागा मोकळी असली का वाचणाऱ्याच्या डोळ्याले आराम पडते."

"त्याच्या डोळ्याले आराम पडते आन लिहिणाऱ्याची नोकरी जाते. कोऱ्या जागेत मागून कोणी बी काई बी लिहून टाकते, बाई. चौतीस वर्षांत मी एक कागद कोरा सोडला नाई. रेघ मार."

पौर्णिमेने रेघा मारल्या. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा तिरप्या रेघांनी बंद झाल्या आणि मधले वांगे सक्षम अधिकाऱ्याने रद्द केल्यासारखे दिसू लागले. तरीही ब्लॉग जनतेसाठी खुला झाला.

जनता आली नाही. तीन आठवड्यांत चार वाचक नोंदले गेले. त्यातली एक पौर्णिमा मोबाइलवरून, दुसरी पौर्णिमाच लॅपटॉपवरून, तिसरे नत्थुजी आणि चौथेही नत्थुजीच, कारण पहिल्या वेळी त्यांचा चष्मा आत राहिला होता. नत्थुजींच्या पत्नी सुभद्राकाकूंनी तर स्पष्टच सांगितले, "मी ते वांगे रांधले, आता वाचू बी काय?"

पौर्णिमा हवालदिल झाली. नत्थुजी मात्र शांत होते. कार्यालयात असताना त्यांच्या टेबलापुढची रांग कधी तुटली नव्हती आणि त्यामागचे शास्त्र त्यांना पाठ होते.

"तुहं चुकलं कुठं, सांगतो. तू दरवाजाच ठेवला नाई. जिथं कोणी बी घुसू शकते, तिथं जाईन कोण? अर्ज ठेव."

"कशाचा अर्ज?"

"वाचाची परवानगी भेटाचा."

वाचकाला तीन टिचक्यांत हवे ते मिळाले पाहिजे, असे पौर्णिमा शिकली होती. तिने ते सांगूनही पाहिले. पण दिवाळी पाच आठवड्यांवर आली होती आणि अडला हरी कोणाचे पाय धरतो हे सर्वांना ठाऊक आहे. तिने अर्जाचे पान केले. अर्जात चौदा रकाने होते. वाचनाचे प्रयोजन. यापूर्वी वांग्यांविषयी काही वाचले आहे काय, असल्यास तपशील. घरातील अन्य कोणी वाचत असल्यास त्याचे अर्जदाराशी नाते. शेवटी रहिवासी दाखला आणि 'मी लेख शेवटपर्यंत वाचीन' असे स्वयंघोषणापत्र. लेख दीड पानाचा होता आणि अर्ज साडेतीन पानांचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

ब्लॉग वाचायला परवानगी लागते, एवढे गल्लीत कळले आणि पहिल्याच दिवशी एकोणीस अर्ज आले.

नत्थुजींनी त्यातले अठरा त्रुटी काढून परत पाठवले आणि एक राखून ठेवला. ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्याचा अर्ज परत गेला त्याने दहा जणांना विचारले, आणि त्या दहांनी आपण मागे राहू नये म्हणून स्वतःचेही अर्ज टाकले. आत नक्की काहीतरी आहे, त्याशिवाय रहिवासी दाखला कशाला मागतील, हा युक्तिवाद बिनतोड होता. आठवडाभरात तिवशाहून फोन आला, "यादी लागली काय वो?" चांदूर रेल्वेच्या एका गृहस्थांनी बायकोच्या नावाने वेगळा अर्ज केला, कारण महिलांना प्राधान्य असणार. दसऱ्याच्या सुमारास अर्जांची संख्या दोन हजारांवर गेली होती आणि मंजूर झालेले अर्ज होते अकरा. त्यातल्या एकाने, भातकुलीच्या ओमप्रकाश खंडाऱ्यांनी, चौकात फ्लेक्स लावला : 'वांगे-वाचन परवानगी प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : मित्रपरिवार.'

पौर्णिमेने आकडेवारी उघडली. अर्जाच्या पानावर माणसे सरासरी चाळीस मिनिटे रेंगाळत होती. लेखाच्या पानावर सहा सेकंद. तिला थोडी लाज वाटली, पण शंभराच्या जागी दोन हजार माणसे होती. तिने हर्षभराने मोहसीनभाईंना दुवा पाठवला. मोहसीनभाई म्हणाले, "मी स्वतः आत जाऊन पाहतो."

पण ते आत जाऊ शकले नाहीत. त्यांचा अर्ज 'परजिल्ह्यातील अर्जदार' या शेऱ्यासह मागे ठेवण्यात आला. पौर्णिमा धावत नत्थुजींकडे गेली.

"काका, माह्या नोकरीचा प्रश्न आहे. त्याइचा एक अर्ज वर घ्या ना."

"वर घेतला तर ते शिफारस झाली. शिफारशीचा फॉर्म वेगळा हाय."

"पण तो फॉर्म तर आपण केलाच नाई!"

"म्हणूनच तर कोणाची शिफारस चालत नाई," नत्थुजी अभिमानाने म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. दिवाळीला चार दिवस उरले होते. घरी आईने तलाठी भरतीचे पुस्तक उशाशी आणून ठेवले होते. ब्लॉगच्या किल्ल्या मात्र अजून पौर्णिमेकडेच होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मन घट्ट केले आणि अर्जाचे पान काढून टाकले. तिरप्या रेघाही पुसल्या. ब्लॉग सताड उघडला. किती दिवसांनी तिला आपले काम सुंदर वाटले.

दोन तासांत नत्थुजींच्या फाटकापुढे शंभर-सव्वाशे माणसे जमली. पुढे ओमप्रकाश खंडारे होते आणि त्यांच्या हातात निवेदन होते : ब्लॉग जनतेसाठी खुला करण्याचा जनविरोधी निर्णय तात्काळ मागे घ्यावा.

"आमी पंधरा दिवस चकरा मारून परवानगी काढली," ओमप्रकाश गरजले. "आन आता कोणी बी ऐरागैरा येऊन वाचून राहिला! मंग आमची काय इज्जत राहिली?"

पौर्णिमेने भीत भीत विचारले, "पण भाऊ, तुमी तो लेख वाचला का?"

"वाचाचं काय त्याच्यात? परवानगी तर हाय ना!"

गर्दीने टाळ्या वाजवल्या. नत्थुजींनी निवेदन स्वीकारले आणि त्यावर आवक क्रमांक टाकला. तेवढ्यात पौर्णिमेचा फोन वाजला. मोहसीनभाई होते. संपले सगळे, असे तिला वाटले.

"बेटा, हे काय करून ठेवलं?" मोहसीनभाईंचा आवाज चढला होता. "अमरावतीच्या साडूले कामाले लावून मी रहिवासी दाखला काढला. आज अपलोड कराले बसलो, तर फॉर्मच गायब! माझ्या नंबरचं काय?"

"सर, आता फॉर्मची गरज नाई. ब्लॉग उघडाच आहे. तुमी वाचा ना."



"उघडा हाय? मंग त्यात पाहाचं काय?" मोहसीनभाई निराशेने म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून बोलले, "ते पहिलेवालं परत लाव. आन सोमवारी अकोल्याले ये. इथं आमचे गिऱ्हाईक साइट उघडतात आन निघून जातात. थांबवाचं कसं, हे तुलेच समजलं."

अर्जाचे पान त्याच संध्याकाळी पूर्ववत झाले आणि फाटकापुढची गर्दी समाधानाने घरी गेली. सोमवारी पौर्णिमा अकोल्याच्या खुर्चीवर बसली. तिला मनापासून आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्याच दिवशी तिने एका साडीच्या दुकानाच्या संकेतस्थळाला अकरा रकान्यांचा प्रवेश-अर्ज लावला आणि संध्याकाळपर्यंत दुकानदाराने पेढे पाठवले.

आणि वाचकहो, ही गोष्ट तुम्ही कुठलाही दाखला न देता, कोणाची सही न आणता, थेट इथवर वाचत आलात. म्हणूनच 'ठीक आहे, बरी आहे' असे म्हणून तुम्ही आता पान उलटणार. हिच्या पहिल्या ओळीपाशीच तुम्हाला अडवून रहिवासी दाखला मागितला असता, तर गोष्ट वाचायची राहून गेली असती, पण आत्तापर्यंत तुम्ही चार ठिकाणी फोन करून विचारले असते, "तिथं आपल्या ओळखीचं कोणी आहे का हो?"