‘जे’ आणि ‘उ’

यवतमाळला आमच्या भागातल्या वाचनालयातली कुठलीही कादंबरी उघडा. समासात पेन्सिलीनं, बारीक पण सुवाच्य अक्षरात कुठं ‘जे’ तर कुठं ‘उ’ लिहिलेलं सापडेल. मी नवी सभासद झाले तेव्हा पहिल्याच पुस्तकात हे पाहिलं आणि वाटलं, कुणीतरी परीक्षेचा अभ्यास केलाय. दुसऱ्या पुस्तकातही तेच. तिसऱ्या जाडजूड कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तर चक्क निकाल लावलेला होता: ‘जे ९. उ ३१. लेखकाने लक्ष द्यावे.’

मी ग्रंथपालबाईंना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“ते ठोंबरेकाका. ‘जे’ म्हणजे जेवला, ‘उ’ म्हणजे उपाशी. मी एकदा चिडून त्यांच्या हातात खोडरबर दिलं. त्यांनी ते घेतलं, तिथंच बसले, अन् एक ‘उ’ खोडून त्या जागी ‘जे’ केलं. म्हणे, माह्या नजरेतून सुटलं होतं, त्यानं रस्त्यात पेरू खाल्लता.”

“राहतात कुठं हे?”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “अहो, तुम्ही ज्यांच्या वरच्या खोलीत राहता ना, तेच!”

तर हे माझे घरमालक. मी त्यांना नुसतं ‘काका’ म्हणायचे, आडनाव कधी विचारलंच नव्हतं. मी मूळची साताऱ्याकडची. बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून बदली होऊन इथं आले, तेव्हा टेम्पोतून सामान उतरवताना एक उंच, काटकुळा म्हातारा फाटकाशी उभा होता. अंगात बंडी, चष्म्याला दोरा, कानामागं पेन्सिल. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

“जेवली काय?”

“हो, जेवले,” मी म्हटलं. असं विचारल्यावर माणूस हेच म्हणतो.

“काय जेवली?”

हा प्रश्न मला नवीन होता. मी चाचरत म्हटलं, “समोसा खाल्ला स्टँडवर.”

“समोसा म्हणजे जेवण नोहे,” असं म्हणून त्यांनी घरात तोंड करून हाक दिली, “कुसुम, एक ताट वाढ वं! लांबून आली हे पोरगी, उपाशी.”

मग कुसुमकाकू बाहेर आल्या, माझ्याकडे पाहून हसल्या, आणि मी ओळखदेख व्हायच्या आधी त्यांच्या घरात पाटोडीची भाजी खात बसले होते. जेवताना काका समोर खुर्ची टाकून बसलेले. ताट रिकामं झालं तेव्हा कुठं त्यांनी माझं नाव विचारलं. नाव सांगितलं तरी उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी ‘इंजिनेर बाई’च आहे.

काका वनखात्यात वनपाल होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झालीत. राळेगावकडं भावांसोबतची शेती आहे, तिथून तूर नि कापसाची खबर येते, पण काकांचा जीव तिथं रमत नाही. त्यांचा दिवस अंगणातल्या बदामाखाली जातो. आवडीच्या वस्तू मोजून चार: वेताची खुर्ची, पोचा पडलेला स्टीलचा ग्लास, खिशात कागदाच्या पुडीत चिवडा, आणि हातात वाचनालयाचं पुस्तक. रहस्यकथा असो, ऐतिहासिक असो, प्रेमाची असो, ते सगळं एकाच भक्तीनं वाचतात. फक्त त्यांचं लक्ष वेगळीकडे असतं.

मी एकदा वाचायला नेलेल्या कादंबरीबद्दल त्यांना मत विचारलं. समीक्षकांनी वाखाणलेली कादंबरी होती.

“भाषा चांगली हाये,” काका म्हणाले. “पण दोघं भाऊ वाटणीसाठी तीन दिवस भांडून राह्यले, अन् घरातली चूल कोणाच्याच ध्यानात नाई. तीन दिवस भांडायले ताकद कुठून येते बाप्पा? एवढं मोठं भांडण उपाशीपोटी होतच नाई. मी जंगलात लय भांडणं पाह्यले.”

मी हसले. पण नंतर ती कादंबरी पुन्हा चाळली आणि हसू थांबलं. खरंच, घरातल्या बायका त्या तीन दिवसांत कुठं दिसतच नव्हत्या. मला हे वाचताना जाणवलं नव्हतं. समीक्षकांनाही नव्हतं.

काकूंना या वाचनाचा जो ताप आहे तो वेगळाच. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. काका कुठलीशी तुरुंगातली कादंबरी वाचत होते. दुपारी मी घरभाडं द्यायला खाली गेले, तर काका ताटावर बसलेले, समोर भाकर आणि अंबाडीची भाजी निवत चाललेली, आणि काका हात आखडून बसलेले.

“पाह्य ना,” काकू मला म्हणाल्या, “त्या पुस्तकातल्या बुवाले कोठडीत टाकलं म्हणे. दोन दिवसांचा उपाशी हाये. म्हून हे जेवून नाई राह्यले.”

“असं नाई,” काका कसनुसं तोंड करून म्हणाले. “भूकच नाई.”

“भूक नाई म्हणे! सकाळी तीनदा विचारलं, भाजी झाली काय, भाजी झाली काय!”

मला वाटलं आता काकू चिडणार. काकूंनी पदराला हात पुसले, पुस्तक उचललं आणि उभ्याउभ्याच पुढची पानं पालटायला सुरुवात केली. दहा पानं, वीस पानं. बोट ओळींवरून सरसर फिरत होतं. मग एका जागी थांबल्या आणि शाळेतल्या मुलीसारख्या मोठ्यानं वाचू लागल्या, “‘शिपायानं जाळीखालून जर्मनची थाळी आत सरकवली. त्यात भात होता आणि त्यावर पातळ आमटी.’ घ्या! भेटलं त्याले. जेवा आता.”

काकांनी विचारलं, “मिरची दिली काय सोबत?”

काकूंनी पुस्तकाकडं पाहिलं. त्या पानावर मिरची नव्हती हे मला नंतर कळलं, कारण मी ते पुस्तक मुद्दाम वाचलं. काकू क्षणभरही न अडखळता म्हणाल्या, “दिली ना. दोन दिल्या.”

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला.

मी भाड्याचं पाकीट हातात धरून दारातच उभी होते. इतकी वर्षं मी पुस्तकं वाचत आले, पण कुणाच्या वाटची भूक अशी आपल्या ताटात येऊन बसलेली पाहिली नव्हती.

त्याच वर्षी वाचनालयात एका मोठ्या लेखकाचा कार्यक्रम झाला. लांबून आले होते, हॉल भरलेला. त्यांच्या गाजलेल्या कादंबरीत एक नुकतीच बाळंत झालेली बाई मूल घेऊन घर सोडते. भाषण झालं, टाळ्या झाल्या, प्रश्नांची वेळ आली. कुणी शैलीबद्दल विचारलं, कुणी प्रेरणेबद्दल. मग मागच्या रांगेतून काका उठले.

“साहेब, पुस्तक लय आवडलं. एकच विचारतो. हे बाई सोमवारी पहाटे घरून निघते. बुधवारी संध्याकाळी मावशीकडे पोचते. मधात तिनं काहीच खाल्लं नाई. मी दोनदा वाचून पाह्यलं.”

हॉलमध्ये खसखस पिकली. लेखक हसत म्हणाले, “ते सगळं लिहायचं नसतं हो. वाचकानं गृहीत धरायचं.”

“मी धरलं असतं,” काका म्हणाले. “पण मंगळवारी ते लेकराले पाजते, असं तुम्ही लिवलं. पान दीड पान लिवलं. दोन दिवसांची उपाशी बाळंतीण, तिले दूध कुठून येते?”

हसणं थांबलं. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी बोलली, “बरोबर हाये त्यायचं.” मग दुसरी. मग सगळ्याच.

लेखकांनी टेबलावरची आपली प्रत उघडली, ते पान काढलं आणि वाचलं. मग म्हणाले, “चूक झाली माझी. माझी आई असती तर तिनं पहिल्यांदा हेच विचारलं असतं.” आणि त्यांनी काकांकडे पेन्सिल मागितली.

घरी येताना मी काकांच्या शेजारून चालत होते, पण दोन पावलं मागं. इतक्या माणसांत त्यांनी ते विचारलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नव्हता. ते आपले काळजीत होते. “आता पुढल्या आवृत्तीत तिले काही देतीन,” ते म्हणाले. “पण हे एवढे पुस्तकं आधीच गेले ना लोकायच्या घरी. त्यायच्यात ते तशीच चालून राह्यली.”

त्या कार्यक्रमानंतर मला भलतंच धाडस सुचलं. मी लपूनछपून लिहिते, हे घरी साताऱ्यालाही माहीत नाही. एक कथा लिहून ठेवली होती: परगावी नोकरीला आलेली एक मुलगी, तिच्या संध्याकाळी, तिची खोली. मी ती काकांना वाचायला दिली. चार दिवस त्यांनी काही म्हटलं नाही. जिन्यावरून येता-जाता मी त्यांची नजर चुकवत होते.

पाचव्या दिवशी त्यांनी कागद परत दिले. समासात ‘उ’. पुढच्या पानावर ‘उ’. त्याच्या पुढच्या पानावर दोन.

“काहून वं,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे पोरगी रोज संध्याकाळी चहा-बिस्कुटावरच काहून राह्यते?”

“काका, काल्पनिक आहे ती.”

“हो ना. म्हून तर इचारतो.” काकांनी चष्मा काढून पुसला. “काल्पनिक पोरीले सांग, उद्यापासून रात्रीचं जेवण खालीच हाये. कुसुमनं भाकरी वाढवल्या.”

मी कागद घेऊन वर गेले. खिडकीत बिस्किटांचे पुडे रांगेनं उभे होते. कथा लिहिताना मला ते दिसले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी खाली जेवू लागले.

यंदा दिवाळीनंतर काकू महिनाभरासाठी अमरावतीला गेल्या. लेकीचं बाळंतपण होतं. जाताना त्यांनी मला डबे दाखवून ठेवले, पण काकांनी मला जेवायला खाली येऊ नको म्हणून सांगितलं. “मी करून घेतो ना. तुह्या हापिसाची धावपळ. मी जंगलात अकरा वर्षं हातानं रांधलं.” मला ते खरं वाटलं.

एका रविवारी दुपारी मी खिचडी टाकली होती. पातेलं घेऊन खाली गेले. दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे होते आणि सकाळची गार भाकर कढईतल्या पिठल्याला लावून उभ्याउभ्या खात होते. ताट नाही, पाणी नाही. मला पाहून ते असे दचकले, जणू चोरी करताना सापडले.

“काका, हे काय? बसून तरी जेवा. पुस्तक घ्या सोबत.”

“पुस्तकानं नाई होत आता,” ते म्हणाले.

मी पातेलं ठेवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला होता.

“झरी जामणीच्या जंगलात नोकरीले होतो ना, तवा कुसुम अन् पोरी इथं. पोरींच्या शाळा. मी महिन्यातून एकदा यायचो. तिथं क्वार्टरमधे एकटाच. एकट्या माणसाले जेवण जात नाई, तुले ठाऊक हाये. मंग मी पुस्तक नेलं. पाण्याच्या तांब्याले टेकवून समोर उभं करायचो. म्हटलं, कोणी तं असावं समोर. पण मी घास घेऊन राह्यलो अन् समोरचा उपाशी, हे कसं वाटते? मंग मी पाहू लागलो, यानं खाल्लं काय, तिनं खाल्लं काय. ते जेवले का मीबी जेवायचो. अकरा वर्षं असं काढलं.”

“मग आता?”

“आता बारा वर्षं झाले, कुसुम समोर बसते.” ते खाली पाहत म्हणाले. “पुस्तक पुरत नाई आता. तिले सांगू नको. तिकडे पोरीले गरज हाये तिची.”

मी फळीवरून ताट काढलं, पाट मांडला, खिचडी वाढली. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. काकूच होत्या. काकांचे हात पिठल्यानं भरलेले, म्हणून मीच बटण दाबून आवाज मोठा केला.

“जेवले काय?” काकूंनी विचारलं.

“हो तं! पोटभर. भरीत केलतं, भाकर, ताक,” काकांनी तोंडानंच पूर्ण ताट वाढून दाखवलं. मग त्यांची भुवई वर गेली. “तू जेवली काय?”

“जेवीन ना. पोरीले वाढलं आताच. बाळ झोपू दे, मंग बसतो.”

“अडीच वाजले, कुसुम.”

“तुमच्याकडेबी अडीचच वाजले,” काकू म्हणाल्या. “अन् तुम्ही वांगे आणलेच नाई ह्या हप्त्यात. पोरीनं सांगितलं मले फोनवर.” पोरीनं म्हणजे मी. आदल्या दिवशी त्यांनी बाजाराचं सहज विचारलं होतं, मी सहज सांगितलं होतं.

काका माझ्याकडे बघू लागले. मी खिचडीकडे बघू लागले.

“वाढून घे ताट,” काका शेवटी फोनला म्हणाले. “फोन ठेवू नको. मी बसतो इकडे.”

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. काका पाटावर बसले. मी फोन त्यांच्या समोर, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला, पाण्याचा ग्लास भरला आणि पाय न वाजवता बाहेर पडले.

जिना चढताना आवाज येत होता. काका विचारत होते, “वरण घट्ट केलं काय पातळ?”

पलीकडून काहीच ऐकू येईना. काकांनी पुन्हा विचारलं, जरा घाबरून.

मग काकूंचा आवाज आला. “थांबा ना हो. घास हाये तोंडात.”